माझ्या हातचा ग्लास

१

परक्या खोलीत शिरले की मी आधी दाराच्या वरच्या कडेवरून बोट फिरवते. पिशवी ठेवत नाही, बसत तर मुळीच नाही. खालचं सगळेच पुसतात, खाली साहेबाची नजर जाते. पुसणाऱ्याचं इमान वरच्या कडेला कळतं.

मी चौथी शिकलेली बाई. पुस्तक वाचायला घेतलं तर पानापानावर अडखळेन, पण हॉटेलची खोली मी घडाघडा वाचते. एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या खोल्या साफ केल्या, गुडघे गेले तेव्हा सोडलं. आता पहिल्यांदाच पाहुणी म्हणून आले होते. हौसेने नव्हे.

लेक बाहेर खुर्चीवर बसली होती. चोवीस वर्षांची पोर, डोक्यावर केस नाही, तोंडावर पट्टी. रक्ताचा आजार. तिच्या भावाने आपल्या हाडातला मगज दिला, तो हिच्या अंगात घातला, आणि दीड महिन्याने इस्पितळाने सोडलं. पण घरी नाही सोडलं. एक महिना समोरच्या हॉटेलात राहायचं, रोज सकाळी नऊला तपासायला यायचं. डॉक्टरीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या होत्या, "आई, हिच्या अंगात आत्ता पहारेकरीच नाहीत. नवे यायला वेळ लागेल. तोवर पहारा तुमचा. तुम्हाआम्हाला साधं पोट बिघडेल, तिथे हिच्या जिवावर बेतेल. ताप अडतीसच्या वर गेला की तासाभरात इकडे."

पहारा माझा. बरं.

"आई, पाय दुखायला लागले," पोर दारातून म्हणाली. "तू पाहुणी आहेस गं. छापा घालायला आलेली नाहीस."

"पट्टी वर कर आणि गप बस."

गादी उचलून शिवणी बघितल्या. ढेकणाचा काळा ठिपका नाही. फोनचा बोलायचा भाग हुंगला. टीव्हीचं रिमोट पालथं केलं, बटणांच्या फटीत काडी घातली. दिव्याची बटणं, पडद्याची खालची पट्टी, पाणी तापवायच्या किटलीचं तोंड. मोरीत गुडघ्यावर बसून संडासाच्या भांड्याच्या कडेखाली आरसा धरला. जाळी उचलली. कुठेही एक केस नाही. मला रागच आला. एवढी स्वच्छ खोली मी कधी ठेवली नव्हती.

मग बेसिनवरच्या फळीवरचे ग्लास. दोन, पालथे, कागदाच्या टोप्या घातलेले. एक उचलून खिडकीच्या उजेडात धरला.

आत, तळाशी, एक धागा चिकटला होता. पापणीच्या केसाएवढा. लाल.

२

ज्यांनी हे काम केलं नाही त्यांना लाल धाग्यात काय आहे ते कळायचं नाही, म्हणून सांगते. आमच्यात फडक्यांना रंग असतात. निळं आरशाला आणि काचेला, पिवळं बेसिनला. लाल फक्त संडासाला. लाल फडकं भांड्याच्या बाहेर आणायचंच नाही, ही पहिल्या दिवसाची शिकवण. आणि ग्लास तर खोलीत पुसायचेच नाहीत, खाली धुवायला न्यायचे, धुतलेले वर आणायचे.

हे शिकवायचं. करायचं ते वेगळं. सोळा खोल्या, हातात एक फडकं, आणि खाली जायची लिफ्ट बंद असली की काय होतं ते करणारीलाच ठाऊक.

मी साफसफाईच्या मुकादमाला वर बोलावलं. जाडसर, हसरा माणूस, छातीवर बिल्ला.

"हे काय आहे?"

त्याने ग्लास उजेडात धरला. बराच वेळ धरला. "धागा दिसतोय, मावशी."

"कसला धागा?"

"टॉवेलचा असेल."

"टॉवेल पांढरे आहेत तुमचे. हा संडासाच्या फडक्याचा आहे. कोण बाई लावली आहे या खोलीला? बोलवा तिला. मी तिला नोकरीवरून काढायला सांगणार नाही, फक्त तोंडावर विचारणार आहे."

त्याचं हसू जरा आटलं. "मावशी, आमच्याकडे लाल फडकंच नाही. इस्पितळाचे पेशंट येतात म्हणून आम्ही सगळं कागदी वापरतो. एकदा पुसलं की फेकलं. सहा वर्षं झाली, या इमारतीत फडकं आलेलं नाही. चला, कोठार दाखवतो."

मी गेले. बघितलं. पांढऱ्या कागदाच्या गुंडाळ्या, छतापर्यंत. फडकं म्हणून नाही.

मनात पाल चुकचुकली. पण मनाला मीच दटावलं. धागा एक, कुठूनही येईल. कोणा पाहुण्याच्या कपड्याचा. ते दोन्ही ग्लास मी त्याच्या हातात दिले आणि सांगितलं, आजपासून या खोलीत तुमचं कोणी येणार नाही. झाडणं मी, पुसणं मी. दाराला 'आत येऊ नये'ची पाटी महिनाभर राहील. पाणी मी उकळेन, पोर घरून आणलेल्या स्टीलच्या पेल्यातून पिईल.

"जशी तुमची मर्जी," तो म्हणाला. "तुम्हाला पगार मात्र देता येणार नाही."

"तुमचा पगार मी ओळखून आहे," मी म्हटलं. तेव्हा तो खरं हसला.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीने गरम पाण्याने अंग पुसून घेतलं. मी तिला कपडे घातले, बाहेर बसवलं आणि मोरी कोरडी करायला आत गेले. आरशावर वाफ धरली होती.

वाफ धरली की आरसा कसा पुसला ते दिसतं. हात जिथून जिथून गेला, तिथे वाफ वेगळी बसते. त्यात माणसाचा हात ओळखू येतो. कोणी गोल फिरवतं, कोणी आडवं ओढतं.

इथे वरून खाली, डावीकडून उजवीकडे, चार पट्टे होते. शेवटच्या पट्ट्याला उजव्या कडेला एक बारीक रेघ सुटली होती. पोकळ, सरळ, वरपासून खालपर्यंत.

माझ्या उजव्या हाताची करंगळी वाकत नाही. कामाला लागले त्याच वर्षी सामानाच्या लिफ्टच्या दारात चेंगरली, तेव्हापासून ती काठीसारखी ताठ. फडकं धरलं की ती बाहेर राहते, फडकं तिथे उचललं जातं आणि काचेवर रेघ सुटते. आमची मुकादमीण होती, जीभ म्हणजे कोयता. ती म्हणायची, "आली करंगळीची सही! बाई, शाळेत सही शिकली नाहीस आणि साहेबाच्या आरशावर गिरवतेस होय?" सगळ्या बाया मला करंगळीच म्हणायच्या.

मी त्या रेघेकडे बघत उभी राहिले. नेहमीप्रमाणे अक्कल चालवली. काल मी सगळी खोली जंतुनाशकाने पुसली. तेव्हा आरसाही पुसला असणार. हात आपला, सवय आपली, पुसला असणार.

पण मला पक्कं आठवत होतं की आरसा मी सोडला होता. आरशाने कोणाला रोग होत नाही, असं मनात म्हणून सोडला होता.

"आई," बाहेरून पोर ओरडली, "आरशात बघून म्हातारी झालीस का? नऊ वाजायला आले."

मी तळव्याने वाफ पुसून टाकली. सगळी.

४

इस्पितळात बाकावर बसल्या बसल्या मला मुकादमिणीची युक्ती आठवली. बाया खरंच झाडतात का हे बघायला ती सकाळी गुपचूप खोलीत आगकाड्या ठेवायची. एक उशीखाली, एक कचऱ्याच्या डब्यामागे, एक आरशाच्या चौकटीवर. संध्याकाळी जाऊन बघायची. काडी तिथेच सापडली की त्या बाईची खैर नाही.

बाकीच्या बाया सापडलेल्या काड्या निमूट तिच्या हातात देत. माझ्या अंगात तेव्हा मस्ती. मी त्या तिन्ही काड्या पालथ्या ग्लासच्या बुडावर नीट शेजारी शेजारी मांडून ठेवायची. म्हणजे, घे, सापडल्या, अजून काही? ती खवळायची, पण काही बोलता यायचं नाही. ही आमची दोघींचीच भांडणाची रीत होती. ती मुकादमीण जाऊन अकरा वर्षं झाली.

तिसऱ्या दिवशी निघताना मी तीन काड्या ठेवल्या. उशीखाली, डब्यामागे, चौकटीवर. दार ओढलं, खालच्या फटीवर चिकटपट्टीचा तुकडा लावला. पोर बघत होती.

"आता दाराला कुंकूपण लाव."

"तू चाल."

त्या दिवशी तिचे पहारेकरी दोनशेवर आले होते. डॉक्टरीणबाई खूश. पोर लिफ्टमध्ये गुणगुणत होती. खोलीच्या दाराशी वाकून मी चिकटपट्टी बघितली. होती तशी होती. एका बाजूनेही सुटलेली नाही. म्हणजे कोणी आलं नाही. माझा जीव भांड्यात पडला.

आत गेले. उशी उचलली. काडी नाही.

डब्यामागे नाही. चौकटीवर नाही.

बेसिनवरच्या फळीवर एक ग्लास होता. काचेचा, पालथा. दोन्ही ग्लास मी स्वतः मुकादमाच्या हातात दिले होते. या ग्लासच्या बुडावर तीन काड्या होत्या. शेजारी शेजारी, गुलं एका बाजूला.

मी ओरडले नाही. माझा तसा स्वभाव नाही. हातात प्लास्टिकची पिशवी घेतली, ग्लास, काड्या सगळं तिच्यात लोटलं, गाठ मारली आणि खाली जाऊन काउंटरवरच्या पोरीसमोर आदळलं.

"माझ्या खोलीत कोण गेलं होतं?"

तिने संगणकात बघितलं. "मावशी, कार्ड लावल्याशिवाय दार उघडत नाही, आणि प्रत्येक वेळ इथे उमटते. सकाळी आठ पन्नासला दार बंद झालं. बारा पंचवीसला उघडलं. मध्ये काही नाही."

"मग हा ग्लास काय पायांनी आला?"

तिने पिशवीकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिच्या नजरेत जे होतं ते मी ओळखते. म्हाताऱ्या पाहुण्या स्वतःच चष्मा हरवायच्या आणि आमच्यावर आळ घ्यायच्या, तेव्हा मीही अशीच बघायची.

"झोप होते ना हो नीट?" तिने हळूच विचारलं.

झोप होत नव्हती. दर चार तासांनी ताप बघायचा, गोळी द्यायची. थकलेला माणूस एक काम करतो आणि विसरतो. मीच ठेवला असेन ग्लास? मीच मांडल्या असतील काड्या? बाहेर जाऊन, चिकटपट्टी लावून, इस्पितळात बसून?

"दुसरी खोली द्या," मी म्हटलं. "दुसऱ्या मजल्यावर. आत्ता."

दिली बिचारीने.

५

नव्या खोलीची तपासणी मी दोन तास केली. पोर खाली काउंटरजवळ बसून वैतागली. या खोलीत मी पहिल्या फेरीतच काचेचं सगळं बाहेर काढायला लावलं. ग्लास नाही, कप नाही, राखदाणी नाही. आरशावर जुनं वर्तमानपत्र चिकटवलं.

"आता मी टकली कशी दिसते ते मला कळणार कसं?" पोर म्हणाली.

"मला विचार."

"कशी दिसते?"

"उकडलेल्या अंड्यासारखी."

ती इतकी हसली की खोकला आला, आणि खोकला आला म्हणून मी घाबरले. तिचा भाऊ रोज दुपारी फोन करतो, त्याला तिने सगळं रंगवून सांगितलं. फोन माझ्याकडे आला तेव्हा तो म्हणाला, "आई, तू आजारी पडलीस तर तिचं कोण करणार? मी येऊ का चार दिवस?"

"तुला सर्दी आहे. आलास तर तंगडी तोडीन."

दोन दिवस काही झालं नाही. पहारेकरी चारशे, मग साडेपाचशे. तिसऱ्या दिवशी दुपारी मी खाली कपडे धुवायच्या यंत्रावर गेले होते. चादरी मी त्यांच्याकडे देत नव्हते, उभी राहून धुवत होते. वर आले तर पोर पलंगावर टेकून बसलेली.

"आई, तू ओ का देत नाहीस गं? तीनदा हाक मारली."

"मी खाली होते."

"मघाशी गं. मोरीत पुसत होतीस तेव्हा."

माझ्या हातात ओल्या चादरी होत्या. त्यांचं पाणी पायावर गळत होतं.

"मी पुसत होते, कशावरून?"

"आवाज येत होता ना. फडकं पिळल्याचा. आणि काचेवर चीं चीं. घरी नाही का तू करत."

मोरीत मी बघितलं. वर्तमानपत्र आरशावर होतं तसं होतं. बेसिन कोरडं. मी पोरीला काही सांगितलं नाही. गोळ्यांनी तिला गुंगी असते, डॉक्टरीणबाई म्हणाल्याच होत्या, भास होतील. भास. मीही तो शब्द दोन्ही हातांनी धरून ठेवला.

पण आता एक गोष्ट लिहायलाच हवी, जी मी कोणाला सांगितली नाही. नवऱ्यालाही नाही.

माझ्या नोकरीचं चौथं वर्ष. गर्दीचे दिवस, दोन बाया आल्या नव्हत्या. माझ्या वाट्याला सोळा खोल्या. सातव्या खोलीत एक बाई आणि तिचं लहान लेकरू होतं. लेकराच्या डोक्यावर लोकरीची टोपी, भर उन्हाळ्यात. मला कळलं नाही तेव्हा. आज टोपी बघितली की कळतं. ती बाई दारात उभी राहून मी पुसते ते बघत होती. मला राग आला. मुकादमीण पुरेशी नव्हती, आता पाहुणेही डोक्यावर. ती फोनला वळली तेवढ्यात मी हातातल्या फडक्यानेच ग्लास आतून फिरवून घेतले, टोप्या घातल्या. हातात कोणतं फडकं होतं ते मला माहीत होतं.

निघताना तिने मला थांबवलं. चिडून नव्हे, अगदी विनवणीने. "ताई, ग्लास स्वच्छ आहे ना?"

मी म्हटलं, "माझ्या हातचा आहे."

"बरं," ती म्हणाली.

पुढच्या दिवशी माझी सुट्टी होती. त्याच्या पुढच्या दिवशी खोली रिकामी होती. लवकर सोडली, एवढंच रजिस्टरवर होतं. मी कोणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर कळलं असतं, म्हणून नाही विचारलं.

६

पोरीने तो आवाज ऐकला, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून तिला एकटी सोडायचीच नाही असं मी ठरवलं. ठरवून काय होतं. त्याच दुपारी काउंटरवरून फोन आला, इस्पितळाच्या दुकानातून तिची औषधं आली आहेत, सही करून न्या, माणूस दुसऱ्याच्या हातात देत नाही. पोर झोपली होती. मी मोरीचं दार बाहेरून कडी घालून बंद केलं, खोलीचं दार ओढलं आणि गुडघ्यांची पर्वा न करता जिन्याने गेले, लिफ्टची वाट बघायला नको म्हणून.

सहा मिनिटं. मी भिंतीवरचं घड्याळ बघत सही केली. सही म्हणजे काय, वेडंवाकडं नाव. वर आले.

पोर उठून बसली होती. चेहऱ्यावर तरतरी. मोरीची कडी बाहेरून लावलेली होती तशीच.

"तहान लागली होती का?" मी विचारलं. कारण तिचे ओठ ओले होते.

"हो ना. बरं झालं दिलंस."

"काय?"

"पाणी." तिने पलंगाशेजारच्या टेबलाकडे हात केला.

तिथे काचेचा ग्लास होता. अर्धा रिकामा. शेजारी कागदाची टोपी, नीट काढून ठेवलेली. स्टीलचा पेला पलीकडे, भरलेला, झाकलेला, मी ठेवला होता तसा.

"तुला कोणी दिलं हे?"

"तूच. असं काय करतेस आई?" तिचा चेहरा पडला. "मी अर्धवट झोपेत होते. तू पाठमोरी होतीस, खिडकीच्या उजेडामुळे नीट दिसत नव्हतं. मी विचारलं पण तुला. एरवी तू मला ओरडतेस ना विचारलं नाही म्हणून. म्हटलं, आई, ग्लास स्वच्छ आहे ना?"

मला ऐकायचं नव्हतं. मी तिचं तोंड हाताने दाबलं असतं, पण हात धुतलेले नव्हते.

"तू म्हणालीस, माझ्या हातचा आहे."

७

मोरीतून आवाज येत होता. फडकं पिळल्याचा. पाणी बेसिनमध्ये पडतं, मग थेंब थेंब, मग पुन्हा पीळ. माझ्या मनगटाला तो पीळ ठाऊक आहे.

पोरीलाही ऐकू येत होतं. तिने माझ्याकडे बघितलं, मग बंद दाराकडे, मग पुन्हा माझ्याकडे. 

मी भित्री बाई नाही. दारुडे पाहुणे मी झाडूने बाहेर काढले आहेत. मी कडी काढली आणि दार ढकललं.

आरशावरचं वर्तमानपत्र नव्हतं. घडी करून फळीवर ठेवलेलं होतं. आरशात दाराचा अर्धा भाग, भिंत आणि कोपऱ्यात कोणाची तरी पाठ. निळा ॲप्रन, धुवून पांढरट पडलेला. गाठ कमरेच्या डाव्या बाजूला, कारण ज्या बाईची उजवी करंगळी वाकत नाही तिला मागे मधोमध गाठ मारता येत नाही. पाठ तरुण होती. घाईत होती. खांदे भराभर हलत होते. डोकं वाकलेलं. आरशाबाहेर, त्या कोपऱ्यात, मी मान वळवून बघितलं नाही. आरशात होतं तेवढंच बघितलं.

"ए बाई," मी म्हटलं, "ठेव ते फडकं खाली."

खांदे थांबले नाहीत.

"माझी पोर आहे बाहेर. माझी पोर आहे गं ती."

"नऊ खोल्या राहिल्यात अजून," ती म्हणाली. न वळता. कंटाळलेल्या, चिडक्या आवाजात. त्या आवाजात दुष्टपणा अजिबात नव्हता. असता तर मी झेपावले असते. नुसती घाई होती.

आणि ग्लासात शिरलेला हात मी बघितला. आत, गोल गोल फिरणारा. करंगळी बाहेर, काठीसारखी.

फडक्याचा रंग बघायची मला गरज नव्हती.

८

मी पोरीला तशीच उचलली. चप्पल नाही, काही नाही. रस्त्यावरच्या गाड्या हात करून थांबवल्या आणि समोर इस्पितळात गेले. डॉक्टरीणबाईंना सांगितलं, ही घाणेरड्या ग्लासातलं पाणी प्यायली. कोणी दिलं? त्यांनी विचारलं. पोर माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, मी दिलं.

दुसरं काय सांगणार? आणि खोटंही कुठे होतं.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. म्हणाल्या, तीन दिवस इथेच ठेवू, औषध सुरू करू, तापावर लक्ष. ग्लास तपासायला हवा होता, आणलात का? हॉटेलचा मुकादम खोलीत जाऊन आला. टेबलावर फक्त स्टीलचा पेला होता, म्हणाला. भरलेला. बिचाऱ्याने आमच्या चपला आणून दिल्या.

आज तिसरा दिवस. पहिल्या रात्री सदतीस. काल सदतीस पॉइंट तीन. आज सकाळी सदतीस पॉइंट सहा. अडतीसला अजून चार घरं आहेत. चार घरं मोजत मी हे लिहिते आहे, सिस्टरकडून वही मागून घेतली. माझं अक्षर बघून ती हसली, मग माझा चेहरा बघून हसायची थांबली.

इथे ग्लास नाही. पाणी सीलबंद बाटलीतून येतं. सील मी पोरीच्या डोळ्यांसमोर तोडते, तिला तो कट्ट आवाज ऐकवते, आणि बाटली तिच्या ओठाला लावते. मध्ये काहीच येत नाही. फडकं नाही, काच नाही. फक्त माझा हात.

त्या दिवसापासून पोरीला सवय लागली आहे. दर वेळी पिण्याआधी ती विचारते. चेष्टेने नाही. माझ्याकडे वर बघते, त्या बाईने बघितलं होतं तसं, आणि विचारते, "आई, स्वच्छ आहे ना?"

मला उत्तर देता येत नाही. माझ्या तोंडात एकच उत्तर येतं, आणि ते मी उभ्या जन्मात पुन्हा बोलणार नाही. मी दात दातांवर दाबते. ओठ मिटते. नुसती बाटली धरून उभी राहते.

पोर जरा वेळ माझ्या खांद्यापलीकडे बघत राहते, कोणी बोलत असेल तर ऐकावं तशी.

मग म्हणते, "बरं." आणि पिते.